न्यूमा म्हणजे आपला प्राणच का? ग्रीकांच्या श्वासरूपी आत्म्याबद्दल

प्रश्न असा आहे: प्राचीन ग्रीक लोक श्वासालाच आत्मा मानत होते हे खरं का, आणि त्यांचा 'न्यूमा', म्हणजे श्वास किंवा वारा, हा आपल्या उपनिषदांतला प्राणच का?

ग्रीक तत्त्वज्ञान शिकवत असताना हा प्रश्न मला वर्गात हमखास विचारला जायचा. विचारणारे बहुधा योगाभ्यास करणारे किंवा आयुर्वेद शिकणारे असत. नुसतं 'हो' म्हणून मोकळं होणं मला कधी पटलं नाही. 'ग्रीक लोक' म्हणून आपण ज्यांची एकत्र मोट बांधतो त्यांत महाकवी होमर आहे आणि वैद्य गेलेनही आहे. दोघांमध्ये जवळजवळ नऊशे वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात श्वासाबद्दलचं ग्रीकांचं म्हणणं पुनःपुन्हा बदललं.

तरी गाभ्याची गोष्ट आधीच सांगतो. श्वास आणि आत्मा यांचं नातं ग्रीकांकडे अगदी सुरुवातीपासून दिसतं. पण हा श्वास त्यांच्या लेखी एक पदार्थ होता. तो तापतो, निवतो, दाटतो, विरळ होतो, नळ्यांतून वाहतो, जखमेतून निसटतो. ज्या ग्रीक विचारवंतांना आत्मा अशरीरी हवा होता, त्यांनी तो श्वासापासून तोडला. ज्यांनी श्वास धरून ठेवला, त्यांनी आत्माही शरीरासारखाच एक पदार्थ आहे असं निःसंकोच म्हटलं. 'श्वास म्हणजेच अशरीरी चैतन्य' हे जे समीकरण आज सर्रास वाचायला मिळतं, ते या दोन्ही पक्षांपैकी कुणाचंच नव्हतं. ते नंतरच्या धर्मविचारातून आलं.

होमरपासून सुरुवात करू. तिथे मुख्य शब्द आहे 'प्सुखे', म्हणजे इंग्रजीवाटे 'सायकी' म्हणून आपल्यापर्यंत पोचलेला. त्याच्या इलियड या युद्धकाव्याच्या नवव्या सर्गात रुसून बसलेला योद्धा अकिलीस म्हणतो, की गुरंमेंढरं लुटून आणता येतात, तिवया आणि घोडे कमावता येतात, पण माणसाची प्सुखे एकदा दातांचं कुंपण ओलांडून गेली की ती लुटूनही परत येत नाही आणि कमावूनही नाही. म्हणजे ती तोंडावाटे जाते. चौदाव्या सर्गात एका योद्ध्याची प्सुखे जखमेवाटे धावत बाहेर पडते. मूर्च्छेतही तसंच. पाचव्या सर्गात सार्पेडॉन घायाळ होतो, प्सुखे त्याला सोडून जाते, डोळ्यांवर धुकं उतरतं, आणि मग उत्तरेच्या वाऱ्याची झुळूक लागल्यावर तो पुन्हा श्वास घेऊ लागतो.

इथे एक गोष्ट वाचकाच्या नजरेतून सुटते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. जिवंत माणसात ही प्सुखे काहीच करत नाही. ती विचार करत नाही, रागावत नाही, प्रेम करत नाही. ती फक्त जाते. जाताना दिसते, आणि गेल्यावर हेडीसच्या, म्हणजे मृतांच्या, राज्यात सावलीसारखी उरते. होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या काव्याच्या अकराव्या सर्गात नायक ओडिसियस आपल्या आईच्या प्सुखेला कवेत घ्यायला तीनदा झेपावतो, आणि तीनदा ती सावलीसारखी, स्वप्नासारखी हातांतून निसटते. वाचताना गळा दाटून येतो असा तो प्रसंग आहे. जिवंतपणी रागलोभ, धाडस, ऊर्मी हे सगळं 'थुमोस' करतो, आणि हा थुमोस छातीत, 'फ्रेनेस'मध्ये राहतो. फ्रेनेस म्हणजे फुप्फुसं की छाती-पोटामधला पडदा यावर अभ्यासकांत वाद आहे. मला फुप्फुसं हा अर्थ जास्त जवळचा वाटतो. इलियडच्या सोळाव्या सर्गात सार्पेडॉनला शेवटचा भाला लागतो तो जिथे हृदयाभोवती फ्रेनेस दाटून असतात तिथे, आणि हृदयाला वेढून बसलेली म्हणजे फुप्फुसंच. हेक्टरचं प्रेत रथामागून फरफटत नेताना पाहून त्याची बायको अँड्रोमकी कोसळते. तिच्या तोंडून बाहेर जाते ती प्सुखे. पण ती शुद्धीवर येते तेव्हा छातीत पुन्हा गोळा होतो तो थुमोस. कवीनं एकाच प्रसंगात दोन्ही शब्द वापरलेत. तेव्हा होमरपाशी श्वासाशी जोडलेल्या निदान दोन गोष्टी आहेत, आणि आपण ज्याला आत्मा म्हणतो तो त्या दोहोंपैकी एकही पुरता नाही.

त्यानंतर इ.स.पू. सहाव्या शतकात मिलेटस या गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, ॲनॅक्सिमेनीझ नावाचा विचारवंत झाला. त्याच्या नावावर एक वाक्य टिकून आहे. शब्द त्याचेच जसेच्या तसे असतील असं नाही, पण विचार त्याचा: आपला आत्मा हवा असून तो जसा आपल्याला एकत्र धरून ठेवतो, तशी हवा आणि न्यूमा सगळ्या विश्वाला वेढून आहेत. 'न्यूमा' हा शब्द वाऱ्यासाठीही होता आणि श्वासासाठीही.

हा माणूस कवीसारखं बोलतोय असं वाटेल, पण त्याच्याकडे पुरावा होता. ओठ आवळून तळहातावर फुंकर मारा, ती गार लागते. तोंड उघडं ठेवून हाऽऽ करून सोडा, ती गरम लागते. यावरून त्यानं अनुमान काढलं की हवा दाबली की थंड होते, मोकळी सोडली की तापते, आणि दाबत नेली तर तिचा वारा, ढग, पाणी, माती, दगड असं सगळं होतं. अनुमान चुकीचं आहे. आवळलेल्या ओठांतली वेगवान फुंकर आजूबाजूची गार हवा ओढून आणते आणि त्वचेवरची उबदार, ओलसर हवा उडवून लावते, म्हणून गार वाटतं. पण विश्वाबद्दलचा एवढा मोठा सिद्धांत ज्याची शहानिशा स्वतःच्या तळहातावर करता येते अशा निरीक्षणावर उभा करणं, ही रीत मला आजही थक्क करते.

हेराक्लायटस या विचारवंतासाठी प्सुखे ओलाव्यातून उठणाऱ्या वाफेसारखी होती, आणि तो म्हणायचा की कोरडा आत्मा सर्वांत शहाणा. पुढे पाचव्या शतकात अपोलोनियाच्या डायोजिनीझनं हवेलाच बुद्धी दिली. त्याचा युक्तिवाद साधा होता: माणसं आणि जनावरं श्वासावर जगतात, श्वास थांबला की ती मरतात आणि त्यांची जाणीवही सुटते. म्हणून जाणीव हवेतच असली पाहिजे. ही मतं तेव्हा अथेन्समध्ये किती चर्चेत होती ते नाटकावरून कळतं. इ.स.पू. 423 मध्ये ॲरिस्टोफेनीझच्या 'मेघ' या प्रहसनात सॉक्रेटिसला टोपलीत बसवून वर टांगलं होतं, का, तर त्याचे सूक्ष्म विचार तितक्याच सूक्ष्म हवेत मिसळावेत म्हणून. प्रेक्षक हसले असतील तर त्यांना मूळ मत ठाऊक असणार.

सामान्य लोकही तेव्हा याच भाषेत बोलत होते. इ.स.पू. 432 मध्ये पोटिडीया इथल्या लढाईत पडलेल्या अथेनियन सैनिकांचा शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात म्हटलंय की यांच्या प्सुखे आकाशतत्त्वानं घेतल्या आणि देह या भूमीनं. युरिपिडीझच्या एका नाटकातही जवळजवळ हेच: न्यूमा आकाशाकडे, शरीर मातीकडे. लढाईत मुलगा गेलेल्या घरानं तो लेख उभ्यानं वाचला असेल तेव्हा त्यांना हा तत्त्वज्ञानातला वाद वाटला नसेल. जे जिथून आलं ते तिथे परत गेलं, एवढंच.

ऑर्फिक पंथाच्या काव्यात असं होतं की आत्मा विश्वातून वाऱ्यांवर वाहत येतो आणि श्वासाबरोबर जीवात शिरतो. हे आपल्याला ठाऊक आहे ते ॲरिस्टॉटलमुळे, आणि त्यानं ते नोंदवलं ते खोडण्यासाठी. त्याचा आक्षेप असा: वनस्पती श्वास घेत नाहीत, कित्येक प्राणीही घेत नाहीत, मग त्यांच्यात आत्मा शिरला कुठून? त्याच्या काळच्या ज्ञानाप्रमाणे हा बिनतोड प्रश्न होता.

श्वास आत-बाहेर होतो कसा, याचाही विचार चाललाच होता. सिसिलीतल्या एम्पेडोक्लीझनं 'क्लेप्सिड्रा' या भांड्याचा दाखला दिला. ते तळाला बारीक भोकं आणि वर अरुंद तोंड असलेलं, द्रव उचलायचं भांडं असे. वरचं तोंड बोटानं बंद करून पाण्यात बुडवलं तर पाणी आत शिरत नाही, कारण आत हवा कोंडलेली असते. बोट काढलं की शिरतं. पितळी क्लेप्सिड्राशी खेळणारी एक मुलगी त्यानं आपल्या काव्यात रंगवली आहे. शरीरातलं रक्त मागे हटलं की हवा आत येते, रक्त परतलं की हवा बाहेर जाते, असं त्याचं म्हणणं. आणि विचारशक्ती? ती त्यानं हवेत नाही, हृदयाभोवतीच्या रक्तात ठेवली. म्हणजे या जुन्या मंडळींतही श्वास म्हणजे आत्मा यावर एकमत नव्हतं.

आता प्लेटो. 'फीडो' या संवादात सॉक्रेटिसच्या आयुष्यातला शेवटचा दिवस आहे, इ.स.पू. 399 मधला. विषाचा पेला यायचाय आणि मित्रांशी आत्म्याच्या अमरत्वावर बोलणं चाललंय. केबीझ म्हणतो, लोकांना धास्ती वाटते की माणूस मरतो त्या दिवशी आत्मा देहातून निघतो आणि श्वासासारखा किंवा धुरासारखा विखरून नाहीसा होतो. सॉक्रेटिस त्याला चिडवतो: तुम्हाला लहान मुलांसारखी भीती वाटते की देहाबाहेर पडताच वारा आत्म्याला उडवून नेईल, त्यातून तो माणूस सोसाट्याच्या वाऱ्यात मेला तर विचारायलाच नको! केबीझ हसतो आणि म्हणतो, आमच्या आत एखादं मूल असेल भिणारं, त्याची समजूत घाल.

हा मजकूर मी कितीतरी वेळा शिकवला, आणि दर वेळी वाटलं की ग्रीक विचारातलं वळण इथे उघड्यावर दिसतं. आत्मा जर श्वास असेल तर तो विखुरणार. तो अमर हवा असेल तर त्याला श्वासापासून सोडवलं पाहिजे. प्लेटोनं तेच केलं. त्याचा आत्मा अदृश्य, अविभाज्य, शाश्वत रूपांच्या जातीचा. 'टिमेयस'मध्ये त्यानं श्वसनाचं स्पष्टीकरण दिलं आहे, पण ते निव्वळ यांत्रिक: बाहेर पडलेली हवा शेजारच्या हवेला ढकलते, ती पुढच्या हवेला, आणि असं वर्तुळ पुरं होऊन हवा पुन्हा शरीरात शिरते. तिथे श्वासाला आध्यात्मिक भाव नावालाही नाही.

ॲरिस्टॉटलची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या मते आत्मा म्हणजे जिवंत शरीराचं स्वरूप, त्याची कार्यसिद्ध अवस्था. आपण हवा आत घेतो ती हृदयातला दाह निववायला. माशांचं तेच काम पाणी करतं, कल्ल्यांवाटे. पण याशिवाय त्यानं एक 'जन्मजात न्यूमा' मानला, जो बाहेरून येत नाही, शरीरातच असतो. तो फुगतो आणि आक्रसतो, आणि त्यामुळे इच्छेचं रूपांतर हातपाय हलण्यात होतं. कीटक श्वास घेत नाहीत असं तो मानायचा, तरी ते गुणगुणतात ते या आतल्या न्यूमामुळे असं त्याचं म्हणणं. वीर्यातल्या न्यूमात ताऱ्यांच्या तत्त्वाशी साम्य असलेलं काही असतं, असंही त्यानं लिहिलं. वापरणारा आत्मा, आणि त्याच्या हातचं अवजार म्हणजे न्यूमा, असं हे नातं. पुढच्या वैद्यकावर याचा फार मोठा ठसा उमटला.

वैद्यांचं नाव निघालंच आहे तर थोडं मागे जाऊ. हिपोक्रॅटीसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत 'पवित्र रोग' म्हणजे अपस्मारावर एक प्रबंध आहे. लेखक ठणकावून सांगतो की हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही. श्वासातली हवा आधी मेंदूकडे जाते, तिच्यातला बुद्धीचा अंश तिथे ठेवते आणि मग बाकी शरीरात पसरते. कफानं वाहिन्या कोंडल्या की हवा पोचत नाही, वाचा जाते, तोंडाला फेस येतो, शुद्ध हरपते. पुरावा म्हणून तो सांगतो: शेळ्यांनाही हा रोग होतो, त्यांचं डोकं फोडून पाहा, मेंदू ओला, पाण्यानं भरलेला आणि दुर्गंधीयुक्त सापडेल. देवाचा कोप म्हणणाऱ्यांना त्यानं कापलेल्या शेळीचा मेंदू दाखवला. त्याच संग्रहातला 'वायूंविषयी' हा दुसरा प्रबंध म्हणतो की माणूस अन्नपाण्यावाचून दोन-तीन दिवस काढेल, पण श्वासाच्या वाटा बंद झाल्या तर दिवसाच्या थोड्याशा भागातच मरेल.

खरी झटापट पुढे झाली, आणि ती रक्तवाहिन्यांवरून. इ.स.पू. 300 च्या सुमारास कॉस बेटावरच्या प्रॅक्सॅगोरसनं धमन्या आणि शिरा वेगळ्या ओळखल्या, आणि सांगितलं की शिरांत रक्त असतं, धमन्यांत न्यूमा. मेलेल्या जनावराच्या धमन्या बहुतेक रिकाम्या सापडतात. मृत्यूनंतर त्यांच्या जाड, लवचिक भिंती आकसून रक्त शिरांकडे ढकललं जातं, त्यामुळे उघडून पाहणाऱ्याला त्या हवेच्या नळ्याच वाटणार. अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरॅसिस्ट्रेटस यांनी मानवी देहांचं विच्छेदन केलं. राजांनी तुरुंगातून पाठवलेले गुन्हेगार त्यांनी जिवंतपणी चिरले, असं रोमन लेखक सेल्ससनं नोंदवलं आहे. तेही या ज्ञानाच्या इतिहासाचा भाग आहे आणि ते झाकून पुढे जाऊ नये. या दोघांनी मज्जातंतू ओळखले. एरॅसिस्ट्रेटसची मांडणी अशी होती: फुप्फुसांतून आलेली हवा हृदयाच्या डाव्या कप्प्यात 'जीवन-न्यूमा' बनते, धमन्यांतून अंगभर जाते, आणि मेंदूत पोचल्यावर तिचा 'मनो-न्यूमा' होऊन तो मज्जातंतूंत शिरतो.

मग धमनी कापली की रक्ताची चिळकांडी कशी उडते? त्याचं उत्तर तयार होतं. छेद होताच न्यूमा निसटतो, पोकळी तर राहू शकत नाही, म्हणून शेजारच्या शिरांतलं रक्त अतिसूक्ष्म जोडवाटांमधून ओढलं जातं. या उत्तरात चूक आहे, पण धमन्या आणि शिरा यांच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटा आहेत हे त्यानं केशवाहिन्या दिसण्याच्या कितीतरी शतकं आधी मानलं होतं.

त्याच काळात अथेन्समध्ये झीनोनं रंगीत चित्रांच्या ओसरीत, 'स्टोआ'त, आपली शिकवण सुरू केली. या स्टोइक पंथानं न्यूमाला जेवढा विस्तार दिला तेवढा कुणीच दिला नाही. त्यांच्या मते अग्नी आणि हवा यांच्या मिश्रणातून झालेला न्यूमा विश्वातल्या प्रत्येक वस्तूत आरपार मुरलेला आहे आणि एकाच वेळी आतल्या व बाहेरच्या दिशेनं ताणलेला आहे. दगड दगड म्हणून एकसंध राहतो तो या ताणामुळे. वनस्पतीत तोच न्यूमा वाढीचं काम करतो. प्राण्यात तो आत्मा होतो, त्याला संवेदना आणि ऊर्मी येतात. माणसात तो विवेक होतो. एकाच द्रव्याच्या या पायऱ्या आहेत. क्रिसिपस या स्टोइक पंथप्रमुखाच्या मांडणीत मनाचं अधिष्ठान हृदयात असून तिथून न्यूमाच्या सात शाखा ऑक्टोपसच्या भुजांसारख्या पसरतात: पाच इंद्रियांकडे, एक वाणीकडे, एक प्रजननाकडे.

आणि हा आत्मा शरीरी आहे, असं ते ठामपणे म्हणत. शरीरावर फक्त शरीरच परिणाम करू शकतं. लाज वाटली की चेहरा लाल होतो, भीती वाटली की पांढरा पडतो, तेव्हा आत्मा शरीरच असला पाहिजे, हा क्लिअँथीझ या स्टोइकाचा युक्तिवाद. मन आणि शरीर यांच्या संबंधावर आजही वाद घालणाऱ्यांनी याचं आधी उत्तर द्यावं असं मला वाटतं, इतका तो नेमका आहे. जन्माबद्दलचं स्टोइकांचं मत तर मोठं सुंदर. गर्भ वनस्पतीसारखा असतो. बाळ बाहेर येतं, थंड हवा त्याला लागते, आणि त्या क्षणी त्याच्यातला न्यूमा पालटून आत्मा होतो. मृत्यूनंतर हा आत्मा काही काळ टिकतो, पण किती, यावर त्यांच्यातच मतभेद होते. क्लिअँथीझ म्हणायचा, विश्वाच्या अग्निप्रलयापर्यंत सगळ्यांचे आत्मे टिकतात. क्रिसिपस म्हणायचा, फक्त ज्ञानी लोकांचे.

रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याच परंपरेतला, पण त्याच्या वहीत सूर वेगळा लागतो. तो स्वतःला बजावतो: मी जो काही आहे तो थोडं मांस, थोडासा श्वास आणि राज्य करणारं मन. त्या श्वासाकडे बघ, तो वारा आहे, तोही सदा एकसारखा नाही, क्षणोक्षणी ओकला जातो आणि पुन्हा गिळला जातो. स्टोइकांनी विश्वभर पसरवलेल्या न्यूमाबद्दल एका स्टोइकानं असं लिहावं! त्यानं इथे मनाला श्वासापासून वेगळं काढलं आहे, आणि मला त्यात प्लेटोची छाया दिसते.

त्याच सम्राटाच्या काळातला गेलेन, पर्गॅमम गावचा, इ.स. 129 मध्ये जन्मलेला. एरॅसिस्ट्रेटसचं म्हणणं त्यानं एका साध्या प्रयोगानं पाडलं. जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणी दोऱ्यानं घट्ट बांधायची आणि मधला तुकडा उघडायचा. शिरांतून रक्त ओढलं जायला आता वाट नाही. तरी आत रक्तच भरलेलं. पुढचा प्रयोग त्याहून धारदार. स्टोइकांचा दावा होता की वाणी छातीतून, श्वासनलिकेतून येते, वाणी म्हणजे विचाराचा उच्चार, तेव्हा विचारही छातीत, हृदयात असला पाहिजे. गेलेननं रोममध्ये जाणत्यांसमोर किंचाळणाऱ्या डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणारे बारीक मज्जातंतू दोऱ्यानं बांधले. डुक्कर गप्प. श्वास चालूच, छाती हलतेच आहे, आवाज मात्र नाही. दोरा सैल केला, आवाज परत. हुकूम मेंदूतून येत होता.

मग मेंदूतला न्यूमा हाच आत्मा का? गेलेननं जिवंत जनावराच्या मेंदूतल्या पोकळ्यांना छेद दिला. जनावर निश्चेष्ट झालं, पण मेलं नाही, आणि छेद मिटल्यावर शुद्धीवर आलं. त्यावरून त्यानं म्हटलं की न्यूमा निसटून गेला तरी जीव उरतो, म्हणून न्यूमा हा आत्मा नव्हे, आत्म्याचं पहिलं साधन आहे. आत्मा स्वतः कोणत्या द्रव्याचा, यावर निवाडा देणं त्यानं टाळलं. मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या एका जाळ्यात हा मनो-न्यूमा तयार होतो असं त्यानं सांगितलं. ते जाळं बैलासारख्या प्राण्यांत असतं, माणसात नसतं. 1543 मध्ये शरीररचनेचा अभ्यासक व्हेसालियस याच्या ग्रंथानं ते दाखवून देईपर्यंत युरोपातले वैद्य माणसातही ते मानत राहिले.

अशरीरी अर्थ मग आला कुठून? अलेक्झांड्रियातच ज्यू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून होऊ लागलं आणि ईश्वराच्या श्वास-वाऱ्यासाठी तिथे 'न्यूमा' योजला गेला. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात न्यूमा वाटेल तिकडे वाहतो, आणि तिथेच 'देव न्यूमा आहे' हे वाक्यही येतं. ते वाचून स्टोइक संस्कारातले लोक म्हणत, बघा, म्हणजे देवाला शरीर आहे! इ.स. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताला आपल्या मुख्य ग्रंथाच्या आरंभीच या मताशी झगडावं लागलं. त्यानं प्लेटोचा अशरीरी आत्मा आणि धर्मग्रंथातला न्यूमा एकत्र आणले. ख्रिस्ती मराठी वाचक ज्याला 'पवित्र आत्मा' म्हणतात, त्या शब्दामागे हा सगळा झगडा आहे.

आता प्राणाकडे येऊ. साम्य खरं आहे, आणि ते वरवरचं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या बाराव्या अध्यायात वायू शरीरयंत्राचा धारक, सगळ्या हालचालींचा प्रवर्तक, मनाचा नियंता म्हटला आहे, आणि बाहेरच्या सृष्टीतल्या वायूचंही वर्णन तिथेच आहे. हिपोक्रॅटीसच्या 'वायूंविषयी' या प्रबंधाशी त्याची तुलना फ्रेंच संस्कृतपंडित आणि वैद्य झाँ फिलिओझा यांनी 1949 मध्ये तपशिलानं केली. प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे कार्यभेदानं पाडलेले पाच भाग आणि क्रिसिपसच्या न्यूमाच्या शाखा शेजारी ठेवून पाहाव्यात अशाच आहेत.

पण उपनिषदांतही एक सूर नाही. बृहदारण्यकात आणि छांदोग्यात इंद्रियांमध्ये श्रेष्ठ कोण यावर वाद होतो. वाणी जाऊन येते, डोळे, कान, मन जाऊन येतात, शरीर चालूच राहतं. प्राण निघायला लागतो तेव्हा उमदा सिंधी घोडा दावणीचे खुंटे उपटतो तशी बाकीची इंद्रियं उपटली जातात. कौषीतकी उपनिषदात इंद्र स्वतःला प्राण आणि प्रज्ञात्मा म्हणवतो. तैत्तिरीयात मात्र प्राणमय कोश हा पाच कोशांतला दुसरा, त्याच्याही आत मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. पुढच्या वेदान्तानं आत्म्याला प्राणापासून वेगळं काढलं. प्लेटोनं केलं तेच, पण स्वतःच्या वाटेनं. म्हणून 'न्यूमा म्हणजे प्राण का' असं विचारण्याऐवजी क्रिसिपसचा न्यूमा आणि चरकाचा वायू, प्लेटोचा आत्मा आणि तैत्तिरीयातला कोशांपलीकडचा आत्मा, अशा जोड्या लावल्या तर हाती काही लागतं.

राहिला प्राणायाम. श्वासाला वळण लावून आत्म्याकडे जायचा मार्ग प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांच्या उपलब्ध ग्रंथांत पद्धत म्हणून सापडत नाही. गेलेन आपल्या आरोग्यरक्षणावरच्या ग्रंथात श्वास रोखून धरायला सांगतो, पण तो व्यायाम आणि मर्दनानंतर शरीरातला मळ बाहेर ढकलायला. ज्यांना ग्रीक भाषेतच प्राणायामासारखं काही शोधायचंय त्यांनी हजार वर्षं पुढे, ग्रीसमधल्या एथॉस डोंगरावरच्या ख्रिस्ती मठांत जावं. तेराव्या शतकात तिथला निकेफोरस नावाचा साधू लिहितो की श्वासाबरोबर मन आत घ्या, हृदयात उतरवा आणि येशूच्या नामाचा जप तिथेच चालू ठेवा. पुढे कॅलाब्रियाच्या बार्लाम या विद्वानानं या साधूंची 'बेंबीत आत्मा असणारे' अशी टर उडवली. एथॉसवरच्याच ग्रेगरी पालामास या साधूनं त्यांची बाजू लावून धरली, आणि 1341 व 1351 च्या कॉन्स्टँटिनोपलमधल्या धर्मसभांनी पालामासच्या बाजूनं कौल दिला. त्या मठांत तो जप आजही चालतो.